एक-ए-आठ-सहा, पंचाहत्तर-तेवीस

निळा दिवा लुकलुकतो आहे. क्षणभर लागतो, क्षणभर विझतो, पुन्हा लागतो. दोन बोटं रुंदीचा काळा बोर्ड, त्यावर पत्र्याच्या चकचकीत झाकणाखाली वायफायची चिप, दोन्ही कडांना पिनांच्या रांगा. त्या एवढ्याशा दिव्याच्या भरवशावर तिघांचंही म्हणणं एकच आहे : बोर्ड चांगला आहे, लॅपटॉपलाच काहीतरी झालंय.

लॅपटॉपवर आर्डुइनोचं सॉफ्टवेअर उघडलेलं आहे. ‘टूल्स’ मेन्यूतली ‘पोर्ट’ ही ओळ फिकट राखाडी; माऊस नेला तरी उघडत नाही. प्रोग्रॅम लिहून तयार आहे, विनातक्रार कंपाइल होतो, पण पाठवायचा कुठे? चष्मेवाली मुलगी केबल काढते, लावते, पुन्हा काढते. उंच मुलगा लॅपटॉप रिस्टार्ट करायला घेतो. तिसरा निफाडकडचा. त्याच्याच घरच्या कांदाचाळीसाठी हा सगळा खटाटोप. तो खिडकीशी उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगतोय, ‘‘अरे, बोर्डच दिसत नाहीये. डुप्लिकेट माल गळ्यात मारलाय बहुतेक.’’

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे तंत्रनिकेतन. एप्रिलची दुपार. वरचा पंखा फिरतो, पण वारं गरमच. खिडकीबाहेरच्या रस्त्यावरून उन्हाळ कांद्याच्या ट्रॉल्या मार्केट यार्डाकडे चालल्यात. उद्या सकाळी एक्स्टर्नल येणार आहेत आणि या तिघांच्या कॅपस्टोन प्रोजेक्टचा बोर्ड आत्ता, दुपारी अडीचला, लॅपटॉपच्या खिजगणतीतही नाही. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर वही घेऊन बसलोय.

प्रोजेक्ट साधा आहे, म्हणूनच मला आवडलाय. चाळीत साठवलेला कांदा दोन्हीकडून मार खातो. हवेत ओल जास्त झाली की सडतो, त्याला कोंब फुटतात. हवा फार कोरडी झाली की वजन घटतं. साठवणुकीसाठी ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि २५ ते ३० अंश तापमान बरं, असं कृषी खात्याची पुस्तिका सांगते. चाळीच्या आत एक सेन्सर, बाहेर एक, आणि आत ओल चढायला लागली की शेतकऱ्याच्या फोनवर निरोप. सेन्सर डीएचटी२२, बोर्ड नोडएमसीयू, त्यावरची मुख्य चिप ईएसपी८२६६. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१४ साली बाजारात आली आणि वायफाय एकदम विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडायला लागलं. निफाडचा मुलगा पहाटे उठून, पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन, लॅमिंग्टन रोडवरून असे दोन बोर्ड घेऊन आलाय.

लॅब असिस्टंट मॅडम येतात. हातात चहाचा कप. त्या लॅपटॉपकडे बघतच नाहीत, आधी केबलकडे बघतात.

‘‘ही कुठली?’’

‘‘घरची आहे मॅडम. ट्रिमरबरोबर आलेली.’’

‘‘तुझा फोन दे. ही केबल लाव त्याला.’’ फोन चार्ज व्हायला लागतो. ‘‘आता फाइल ट्रान्सफर विचारतोय का बघ.’’

फोन काहीच विचारत नाही. नुसता चार्ज होतो.

मॅडम मामांना हाक मारतात. मामा म्हणजे लॅबचे शिपाई. कुठल्या कपाटात काय आहे हे प्राचार्यांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. ‘‘मामा, तो केबलींचा खोका द्या ना. आणि ही कापून टाका, नाहीतर पुढच्या बॅचच्या हातात जाईल.’’ मामा लगेच कटर घेऊन बसतात. काळं आवरण सोलल्यावर आत दोनच तारा निघतात, एक लाल, एक काळी. धडधाकट यूएसबी केबलीत किमान चार असतात : लाल आणि काळी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी बोलणं नेतात. ट्रिमर बनवणाऱ्याने हिरवी-पांढरी घातलेलीच नाही. ट्रिमरला कशाला बोलायचंय?

म्हणजे निळा दिवा खोटं बोलत नव्हता, पण तो काही सांगतही नव्हता. लाल-काळ्या तारांतून वीज आली, बोर्ड जागा झाला, कारखान्यात किंवा दुकानात कुणीतरी भरून ठेवलेला ब्लिंकचा प्रोग्रॅम चालायला लागला. लॅपटॉपला मात्र पलीकडे कुणी आहे याचा पत्ताच नाही. पत्ता लागतो तो एका रेझिस्टरमुळे. लॅपटॉपच्या बाजूला दोन्ही बोलक्या तारा १५ किलोओमच्या रेझिस्टरने शून्याला बांधलेल्या असतात. बोर्डाच्या बाजूला हिरवी तार दीड किलोओमने ३.३ व्होल्टला जोडलेली असते. दोन्ही टोकं जुळली की हिरव्या तारेवरचा व्होल्टेज वर चढतो, आणि तेवढ्यावरून लॅपटॉपला कळतं, कुणीतरी आलं. हिरवी तारच नसेल तर व्होल्टेज चढायचा प्रश्न येत नाही. रिस्टार्ट करा नाहीतर नवा लॅपटॉप आणा.

खोक्यातून जाड पांढरी केबल निघते. बोर्ड जोडला जातो. दिवा पुन्हा लुकलुकतो. चष्मेवाली मेन्यू उघडते.

‘पोर्ट’ अजून राखाडीच.

‘‘मी म्हणत होतो ना,’’ निफाडचा मुलगा बोर्ड उलटा करून चिपवरची बारीक अक्षरं मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठी करून दाखवतो. ‘‘सीएच३४०जी. चायना. उद्याच्याला परत करतो.’’

‘‘उद्या परीक्षा आहे तुझी,’’ मॅडम म्हणतात. आणि मग चहा संपवता संपवता त्या त्याला या एवढ्याशा चिपची भाऊबंदकी समजावून सांगतात. वायफायवाल्या मुख्य चिपला यूएसबीची भाषा येत नाही. तिला जुनी, एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवायची सीरिअल भाषा येते. म्हणून मध्ये दुभाष्याची चिप लागते. सीएच३४० हा चिनी कंपनीचा स्वस्त दुभाष्या. स्वतःच्या नावाने विकला जातो, त्यात डुप्लिकेट काही नाही. डुप्लिकेटचं प्रकरण वेगळं होतं. एफटीडीआय नावाच्या ब्रिटिश कंपनीची अशीच दुभाषी चिप फार चालायची आणि तिच्या नकला बाजारात भरपूर. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये विंडोजच्या अपडेटबरोबर त्या कंपनीचा असा ड्रायव्हर आला, की तो नकली चिप सापडली की तिच्यातला ओळखक्रमांकच पुसून शून्य करायचा. मग ती चिप कुठल्याच कॉम्प्युटरवर दिसेना. लोकांचे चालते बोर्ड एका रात्रीत मुके झाले. आरडाओरडा झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला.

‘‘म्हणजे नकली माल बनवला कुणी आणि शिक्षा कुणाला?’’ उंच मुलगा विचारतो.

‘‘ज्याने विकत घेतला त्याला. त्याला बिचाऱ्याला माहीतही नसतं चिप कुणाची ते.’’ मॅडम कप बाजूला ठेवतात. ‘‘पण तुमचं दुखणं ते नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावून बघू.’’

केबल तीच, बोर्ड तोच, फक्त कॉम्प्युटर बदलायचा. ऑफिसातला कॉम्प्युटर विंडोजचा, फीच्या पावत्या छापणारा. त्याच्यावर गेल्या वर्षीच्या मुलांनी या चिपचा ड्रायव्हर घातलेला आहे. क्लार्कसाहेब नाखुशीने खुर्ची सोडतात. बोर्ड लावला की टुंग असा आवाज येतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम ५ म्हणून ओळ उमटते. मुलं एकमेकांकडे बघतात. बोर्ड सुटला, केबल सुटली. उरला लॅपटॉप.

चष्मेवालीच्या त्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे. तंत्रनिकेतनात आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलच्या कार्यशाळा होतात, त्यातून तिला लिनक्सची गोडी लागलेली. शिवाय जुन्या यंत्रावर विंडोज ओढत नव्हतं. ती जराशी ओशाळलेली दिसते. दोघं मित्र तोंडाने काही बोलत नाहीत, पण ‘सगळ्यांसारखं विंडोज ठेवलं असतंस तर’ हे वाक्य खोलीत हजर आहे.

‘‘लिनक्स बरंय,’’ मॅडम म्हणतात. ‘‘ते निदान काय झालं ते लिहून ठेवतं. टर्मिनल उघड. सुडो, डीमेसेज, डॅश डब्ल्यू.’’

काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी धावतात आणि थांबतात. ‘‘आता लाव.’’

मला या साऱ्या दुपारीतला हा भाग सगळ्यात आवडतो. मघापासून तिघं मिळून एका राखाडी शब्दाकडे बघत होते, आणि इथे यंत्र स्वतःहून आपली हकिकत सांगतं, तीही सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतचे वेळेचे आकडे घालून. मॅडम बोट ठेवून एकेक ओळ वाचतात आणि मुलांकडून अर्थ वदवून घेतात.

पहिली ओळ : नवं फुल-स्पीड यंत्र आलं, त्याला ९ क्रमांक दिला. ‘‘म्हणजे हिरव्या तारेने काम केलं,’’ उंच मुलगा म्हणतो. बरोबर. नवं यंत्र आलं की त्याचा पत्ता सुरुवातीला शून्य असतो. कॉम्प्युटर त्याला १ ते १२७ मधला एखादा पत्ता नेमून देतो. मग त्याला अठरा बाइटांची माहिती विचारतो : तू कोण, कुणी बनवलं.

दुसरी ओळ त्या प्रश्नाचं उत्तर. बनवणाऱ्याचा क्रमांक १ए८६, मालाचा क्रमांक ७५२३.

तिसरी ओळ : सीएच३४१ हा ड्रायव्हर पुढे झाला. लिनक्समध्ये तो मुळातच असतो, वेगळा घालावा लागत नाही. चौथी ओळ : यंत्र टीटीवाययूएसबी-शून्य या नावाने जोडलं गेलं.

‘‘जोडलं गेलं की!’’ निफाडचा मुलगा ओरडतो. ‘‘मग दिसत का नाही?’’

‘‘पुढे वाच.’’

पुढे दोन ओळी आहेत. इंटरफेस सीएच३४१ने घेतलेला असताना दुसऱ्याच कुणीतरी त्याची मांडणी बदलायला घेतली, अशी तक्रार. आणि लगेच : टीटीवाययूएसबी-शून्यपासून यंत्र तोडलं. दोन्ही ओळींच्या आकड्यांत सेकंदभराचंही अंतर नाही. पोर्ट जन्माला आलं आणि मेन्यू उघडायच्या आत गेलं.

‘‘हे मधे कोण आलं?’’ चष्मेवाली पुढे वाकून अवतरण चिन्हांतली अक्षरं वाचते. ‘‘बी, आर, एल, टी, टी, वाय.’’

कुणालाच माहीत नाही. मॅडमही दोन्ही हात टेबलावर टेकून बघत राहतात. मामा विचारतात, ‘‘व्हायरस का?’’ त्यांचं विचारणं काही वावगं नाही. आगंतुक आहे, न बोलावता आलाय, दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू हिसकावून नेतोय.

मॅडम त्या नावाच्या मागे लागत नाहीत, क्रमांकाच्या मागे लागतात. यंत्र जोडलं की काय करायचं याचे नियम लिनक्स साध्या मजकुराच्या फायलींत ठेवतं. या सहा अक्षरांच्या नावाची एक फाइल त्यांत सापडते. ती उघडून त्या ७५२३ शोधतात. कर्सर एका ओळीवर जाऊन थांबतो. नियम असा, की १ए८६, ७५२३ असं सांगणारं कुणीही आलं की त्याला बाउम जातीचं ब्रेल यंत्र समजावं. त्याच्या वर टिपण आहे : एनएलएस ई-रीडर, झूमॅक्स, वीस घरं.

‘‘ब्रेल?’’ चष्मेवाली म्हणते. ‘‘आपला बोर्ड ब्रेल आहे?’’

आता मोबाइलवर शोध सुरू होतो आणि हळूहळू उलगडा होतो. बीआरएलटीटीवाय हे आगंतुक वगैरे काही नाही. १९९५ सालापासून चालत आलेलं, मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअर आहे. अंध माणसाच्या हाताखाली एक पट्टी असते. तिच्यावरच्या प्रत्येक घरात बारीक खिळे असतात आणि ते वीज मिळेल तसे वरखाली होतात. पडद्यावर जे लिहिलंय ते खिळ्यांच्या ठिपक्यांत उमटतं, बोटांनी वाचायचं. पडद्यावरचा मजकूर त्या पट्टीपर्यंत नेण्याचं काम हे सॉफ्टवेअर करतं. आणि ते उबुंटूबरोबर आधीच बसवलेलं येतं, कारण ज्याला पडदा दिसत नाही त्याने ते बसवण्यापुरता तरी पडदा कसा बघायचा? अंध माणसाने पट्टी लावावी आणि ती आपली आपण चालू व्हावी, यासाठी हा सगळा पुढाकार. बोर्ड लावताक्षणी त्याने झेप घेतली ती त्यामुळे.

तरी प्रश्न राहतोच. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसची अंध वाचकांसाठी राष्ट्रीय सेवा आहे, १९३१ साली कायदा होऊन सुरू झालेली; एनएलएस ती हीच. ती ब्रेल वाचनयंत्रं वाचकांना विनामूल्य वापरायला देते. त्यांतलं झूमॅक्स कंपनीने बनवलेलं एक यंत्र आणि लॅमिंग्टन रोडवरून आलेला हा बोर्ड, दोघांचा क्रमांक एक कसा?

‘‘कारण तो क्रमांक बोर्डाचा नाहीच,’’ मॅडम म्हणतात. त्यांना आता सूर सापडलाय. ‘‘दुभाष्याचा आहे. त्या ब्रेलच्या यंत्रातही हीच स्वस्त चिप बसवलीय. स्वतःचा क्रमांक घ्यायचा तर यूएसबीवाल्या संस्थेला हजारो डॉलर भरावे लागतात. छोटी कंपनी कशाला भरेल? चिपबरोबर येतो तोच चालवते. तुमचा बोर्ड तोच क्रमांक सांगतो, बाजारातले लाखो बोर्ड तोच सांगतात, ब्रेलची पट्टी तोच सांगते. विचारणाऱ्याला चिप कुठली एवढंच कळतं, चिपच्या मागे काय आहे ते कळत नाही.’’

निफाडचा मुलगा हसतो. ‘‘म्हणजे अख्ख्या गावाचा एकच सातबारा!’’

सगळेच हसतात, मामाही. सकाळपासून पहिल्यांदाच.

उंच मुलगा एव्हाना मोबाइलवर उपाय शोधून बसलाय. ‘‘मॅडम, एका ओळीचं काम आहे. अनइन्स्टॉल मारायचं. सगळे तेच सांगतायत.’’

‘‘थांब.’’

‘‘का? आपल्याकडे कुठे ब्रेलची पट्टी आहे?’’

‘‘आज नाही. हा हिचा लॅपटॉप आहे म्हणून तिने काय ते ठरवावं. पण हेच उबुंटू मी सुट्टीत लॅबच्या सगळ्या यंत्रांवर चढवणार आहे. पुढच्या वर्षी ॲडमिशनला कोण येणार ते तू ठरवणार आहेस का?’’

मुलगा गप्प. रागावून नाही, त्याने तसा विचार केला नव्हता एवढंच. लिनक्स वापरणाऱ्यांत हा वाद चांगलाच पेटला होता. बोर्डवाल्यांचं म्हणणं, आमच्यासारखे हजार असताना पट्टीवाल्या एकासाठी आमची अडवणूक का? उलट बाजूने विचारलं तर, तुम्हाला वाचता येतं, तुम्ही फाइल उघडून ओळ बदलू शकता. ज्याला पट्टी चालू झाल्याशिवाय काहीच वाचता येत नाही त्याने कुठली ओळ बदलायची? मला दुसरी बाजू पटते. हजारांची गैरसोय अर्ध्या तासाची आहे आणि तिच्यावर उतारा आहे.

चष्मेवाली म्हणते, ‘‘मॅडम, नुसता हा एक नियम बंद करता येईल ना?’’

येतो. मॅडम तिलाच करायला लावतात. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कारण पुढच्या अपडेटला ती पुन्हा होती तशी होईल. तिची प्रत ‘ईटीसी’ या फोल्डरखालच्या नियमांत त्याच नावाने ठेवायची. त्याच नावाची फाइल तिथे असली की लिनक्स तिलाच मानतं. त्या प्रतीत ७५२३च्या ओळीआधी एक हॅशचं चिन्ह घालायचं. ओळ राहते, पण तिची टीप होते. बाकी सगळ्या ब्रेल पट्ट्यांचे नियम जागच्या जागी. मग नियम पुन्हा वाच, असा हुकूम. मग केबल काढून लावणं.

टर्मिनलमध्ये ओळी उमटतात. नवं यंत्र. १ए८६, ७५२३. सीएच३४१. टीटीवाययूएसबी-शून्यला जोडलं.

सगळे पुढच्या ओळीची वाट बघतात. ती येत नाही.

मेन्यूतला ‘पोर्ट’ काळा झालाय. उंच मुलगा अपलोडचं बटण दाबतो आणि खाली लाल अक्षरांत उत्तर येतं : परवानगी नाही.

‘‘आता काय!’’ तो कपाळावर हात मारतो.

मॅडमना याचं काहीच वाटत नाही. सीरिअल पोर्टला हात लावायचा हक्क ‘डायलआउट’ नावाच्या गटाकडे असतो, मोडेमच्या काळापासून. चष्मेवालीचं नाव त्या गटात घालायचं, लॉगआउट होऊन परत आत यायचं. पाच मिनिटांचं काम. त्या जाता जाता एवढंच सांगतात, की मघाशी पोर्ट नव्हतं, आता पोर्ट आहे पण दार बंद आहे. मेन्यूतून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच ‘चालत नाही’ वाटतं.

अपलोड सुरू होतं. ठिपके, डॅश, ठिपके. मग टक्के : दहा, बावीस, पन्नास. निळा दिवा वेड्यासारखा थरथरतो. शंभर. सीरिअल मॉनिटर उघडतो आणि पडद्यावर आधी कचरा सांडतो. प्रश्नचिन्हं, चौकोन, कुठल्या कुठल्या लिपीतली अक्षरं. निफाडचा मुलगा पुन्हा परतीच्या गाडीकडे बघायला लागलाय हे चेहऱ्यावरून कळतं. पण पाठोपाठ सरळ ओळी येतात. चष्मेवाली सांगते की तो कचरा नाही, ही चिप जागी होताना काही वाक्यं ७४८८० च्या वेगाने बोलते आणि आपण ऐकतोय ११५२०० ने. हा विचित्र आकडा का, तेही तिला माहीत आहे : ११५२०० चा हिशेब ४० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी केलेला, बोर्डावर क्रिस्टल २६ मेगाहर्ट्झचा, त्याच प्रमाणात वेग उतरला. मॅडम तिच्याकडे बघतात. हे त्यांनी शिकवलेलं नाही.

तापमान ३८.४, आर्द्रता २४.

‘‘चाळीत एवढी कोरडी हवा असली तर कांदा वाळून जाईल,’’ निफाडचा मुलगा म्हणतो आणि सेन्सरच्या पांढऱ्या जाळीवर तोंडाने वाफ सोडतो. आकडा चढतो. ३१. ४८. ६६. तो थांबत नाही. ८० च्या पुढे फोन थरथरतो : ‘चाळीत ओल वाढली आहे, वारा खेळता करा.’ वाक्य त्याच्या आजोबांनी सांगितलेलं आहे म्हणे; एक्स्टर्नलना ते पुरेसं तांत्रिक वाटेल की नाही यावर तिघांत अजून एकमत नाही.

साडेचार वाजत आलेत. मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन दाराशी उभे. आता दुसरा बोर्ड, चाळीबाहेरच्या हवेचा. तोही त्याच लॅपटॉपला लागतो. टीटीवाययूएसबी-एक. अपलोड विनासायास. दोन खिडक्यांत दोन आकडे पळायला लागतात, आणि उद्याची मांडणी म्हणून उंच मुलगा दोन्ही केबली काढून टेबलाच्या पुढच्या बाजूने नीट फिरवून पुन्हा लावतो.

निफाडचा मुलगा सेन्सरवर फुंकर घालतो. आकडा चढतो तो दुसऱ्याच खिडकीत.

‘‘अरे, आतला बाहेर गेला!’’

मॅडम पर्स खांद्याला लावून निघालेल्या, त्या परत वळतात. दोन्ही बोर्ड एकच क्रमांक सांगतात. बऱ्याच यंत्रांत निदान प्रत्येक नगाचा वेगळा सीरिअल नंबर असतो, या चिपमध्ये तोही नाही. आधी लागेल तो शून्य, नंतर लागेल तो एक. कॉम्प्युटरला दोघांत फरक करायचा तर एकच खूण उरते : कुठल्या भोकात लावलाय ती. लिनक्स त्या जागेवरूनही एक नाव तयार करतं. लांबलचक असतं, पण बदलत नाही. चष्मेवाली ते नाव शोधून प्रोग्रॅममध्ये घालायला बसते. मॅडम मामांकडून मास्किंग टेप घेतात, दोन तुकडे बोर्डांच्या पाठीला, दोन लॅपटॉपच्या कडेला चिकटवतात, आणि मार्करने लिहितात : आत, बाहेर, आत, बाहेर.

‘‘आणि एक्स्टर्नलनी उद्या काढून उलटं लावलं तर?’’ उंच मुलगा विचारतो.

‘‘त्यांना आधी चहा द्या,’’ मामा म्हणतात. ‘‘हात गुंतलेले राहतात.’’